सांगणारे गावात, अर्थ परगावी

मराठीतला पहिला गद्यग्रंथ कुणी एकट्याने खोलीत बसून लिहिलेला नाही. चक्रधरस्वामींच्या पश्चात म्हाइंभटांनी त्यांच्या सहवासात राहिलेल्या माणसांना गाठले, आठवणी विचारल्या, लिहून काढल्या आणि नागदेवाचार्यांकडून तपासून घेतल्या. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातले हे काम. 'लीळाचरित्र' उभे राहिले ते यातून. पुढे स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ पोथी गेली आणि ज्यांना लीळा तोंडपाठ होत्या त्यांच्याकडून त्या पुन्हा लिहून घ्याव्या लागल्या. अर्थातच एकाचे पाठांतर दुसऱ्याशी जुळेना. मग हा पाठ हिराइसाचा, हा रामेश्वरबासांचा, असे सांगणाऱ्याच्या नावानिशी वेगवेगळे पाठ चक्रधरस्वामींच्या पंथाने सांभाळले. आठवणी गोळा करणाऱ्या आजच्या संस्थांना ही गोष्ट सांगितली तर अनेकांना ती नवी पद्धत वाटेल.

लीळाचरित्राचे काम ज्या रिद्धपुरात झाले तिथून पूर्वेला निघून वर्धा नदी ओलांडली की वर्धा जिल्हा लागतो. आठ तालुके आणि २०११च्या जनगणनेनुसार तेरा लाखांची वस्ती. या जिल्ह्यातल्या माणसांना प्रश्न विचारायला जितके लोक आले तितके महाराष्ट्रातल्या फार थोड्या जिल्ह्यांच्या वाट्याला आले असतील. गांधीजींमुळे देशभरातले कार्यकर्ते आले, सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयामुळे डॉक्टर आले, कापसामुळे अर्थशास्त्रज्ञ आले आणि शेतकरी आत्महत्यांमुळे तर दिल्ली-मुंबईपासून परदेशापर्यंतचे पत्रकार, विद्यार्थी, चित्रपटवाले आले. सगळ्यांनी लिहून नेले. गावात बसलात तर कधी ना कधी ऐकू येतेच, "लिहून तं समदेच नेते बावा, मंग काय लिवलं थे सांगाले कोनी येत नाई." लोकांच्या जगण्याच्या कहाण्या कुणी, कशा गोळा केल्या आणि त्यांचा अर्थ कुणी लावला, याचा आढावा घ्यायचा तर या तक्रारीपासूनच सुरुवात करायला हवी. माझे म्हणणे तिथेच आहे. वर्ध्यात कहाण्या गोळा होण्याची टंचाई कधीच नव्हती. अर्थ लावण्याचे काम मात्र बहुतेक वेळा गावाबाहेर झाले, आणि ज्या थोड्या वेळा ते सांगणाऱ्यांच्या हातात राहिले त्या वेळी काहीतरी हलले.

लोकांचे म्हणणे लिहून घेण्याचे तंत्र घेऊनच गांधीजी वर्ध्याला आले होते, हे आपण सहसा लक्षात घेत नाही. १९१७ साली चंपारणमध्ये त्यांनी उपोषण केले नाही की मोर्चा काढला नाही, नीळ पिकवणाऱ्या रयतांचे जबाब लिहून घेतले. सुमारे आठ हजार. राजेंद्रप्रसाद, ब्रजकिशोरप्रसाद यांच्यासारखे नामांकित वकील कारकुनासारखे बसून लिहीत होते. नियम कडक होता. प्रत्येकाची उलटतपासणी करायची, बोलणे टिकले नाही तर जबाब बाजूला ठेवायचा. गुप्त पोलिसांचा माणूस शेजारी बसलेला असे आणि गांधीजी त्याला उठवत नसत. त्याच्यादेखत बोलायला लागल्यावर रयतांची भीती मोडली, असे त्यांनी आत्मकथेत नोंदवले आहे. पुढे सरकारने चौकशी समिती नेमली, तिच्यावर गांधीजींनाही घेतले आणि निळीची सक्ती करणारी तीनकठिया पद्धत कायद्याने गेली. जबाब लिहून घेणे हाच लढा होता. पण हेही खरे की आठ हजार जबाबांचा अर्थ लावला तो वकिलांनी. रयतेने सांगायचे आणि सुशिक्षितांनी मांडायचे, ही वाटणी तिथेच पक्की झाली.

गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजी शेगावात राहायला आले. त्याच गावाचे पुढे सेवाग्राम झाले. सहा वर्षांनी याच आश्रमातल्या एका माणसाने कहाणी ऐकली जावी म्हणून जीव पणाला लावला. १६ ऑगस्ट १९४२ हा नागपंचमीचा दिवस. वर्धा जिल्ह्यातले आष्टी आणि तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातले चिमूर ही दोन्ही गावे त्या दिवशी पेटली. चिमुरात मागाहून लष्कर आले आणि बायकांवर अत्याचार झाले. नागपूरहून रमाबाई तांबे आणि त्यांच्याबरोबरच्या स्त्रिया चिमूरला गेल्या, बायकांचे म्हणणे ऐकून घेतले. सरकारने चौकशीला नकार दिला. तेव्हा प्रा. जयकृष्ण भन्साळी उठले. व्हाइसरॉयच्या मंडळात असलेल्या बापूजी अण्यांच्या दिल्लीतल्या दारात ते जाऊन बसले. तुम्ही चिमूरला जा, नाहीतर राजीनामा द्या, एवढेच मागणे. पोलिसांनी त्यांना उचलून सेवाग्रामला आणून सोडले, तर ते पायी चिमूरकडे निघाले. पुन्हा पकडले, पुन्हा आणून सोडले. ११ नोव्हेंबरला सुरू झालेले त्यांचे उपोषण त्रेसष्ट दिवस चालले. त्याची बातमी छापायला बंदी होती, म्हणून ६ जानेवारी १९४३ रोजी देशभरातल्या वृत्तपत्रांनी एक दिवस हरताळ पाळला. १२ जानेवारीला सरकारने बंदी मागे घेतली आणि भन्साळींनी उपोषण सोडले.

या प्रसंगात एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. चिमूरच्या बायका बोलल्या होत्या. सांगणाऱ्यांची कमतरता नव्हती. अडले होते ऐकण्यावर आणि छापण्यावर. 'मुक्यांना वाचा देणे' हा आपल्याकडचा लाडका वाक्प्रचार अशा वेळी किती पोकळ आहे ते कळते. बहुतेक ठिकाणी लोक मुके नसतातच.

आश्रमाच्या परंपरेचा दुसरा भाग थोडक्यात आटोपतो, कारण तो आपल्याला ठाऊक आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली, ती साने गुरुजींनी उतरवून घेतली आणि विनोबांनी ती पाहून दिली. पुढे पवनारच्या ब्रह्मविद्या मंदिरातल्या भगिनींनी विनोबांचा शब्द न् शब्द टिपला. विनोबा आत्मचरित्र लिहायला तयार नव्हते, तेव्हा या भगिनींपैकी कालिंदीताईंनी त्यांच्या बोलण्यातून आठवणी वेचून 'अहिंसा की तलाश' सिद्ध केले. टिपून घेण्याचे हे काम कसोशीचे आहे आणि त्याबद्दल आदरच आहे. पण सेवाग्राम आणि पवनारच्या या प्रचंड साहित्यात शेगावचा माणूस शोधायला गेलात तर तो कसा भेटतो? सेवा घेणारा, स्वच्छता शिकणारा, कधी ऐकणारा, कधी न ऐकणारा. दलितांची मोठी वस्ती असलेल्या त्या गावाला चष्मा लावलेल्या त्या म्हाताऱ्याविषयी, त्याच्या पाहुण्यांविषयी, अचानक आलेल्या मोटारींविषयी काय वाटत होते, हे गावाच्या तोंडून फार थोडे आले. महापुरुषाच्या आठवणी गोळा करणारी यंत्रणा शेजारच्या घरात डोकावत नाही, हा अनुभव एकट्या वर्ध्याचा नाही.

ही उणीव कशी भरून काढायची याचा वस्तुपाठ विदर्भाशी नाते असलेल्या एका पुस्तकाने दिला. मीनाक्षी मून आणि उर्मिला पवार यांचे 'आम्हीही इतिहास घडवला' १९८९ साली आले. आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना दोघी गावोगाव जाऊन भेटल्या. चळवळीच्या इतिहासात यांची नावे सभेला 'स्त्रियाही मोठ्या संख्येने उपस्थित होत्या' एवढ्या ओळीत संपली होती. पुस्तकात सभा, वसतिगृहे, सत्याग्रह, धर्मांतर हे सगळे त्या बायकांच्या घरच्या रगाड्यासकट येते. दोघी लेखिका त्याच चळवळीतल्या होत्या. काय विचारायचे आणि कुठे गप्प राहायचे हे त्यांना बाहेरून शिकावे लागले नाही. मराठीत मौखिक इतिहासाचे याहून चांगले काम मला दाखवता येणार नाही. बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' आत्मचरित्र म्हणून छापले गेले, पण त्यात 'मी'पेक्षा वस्तीच जास्त बोलते, हेही इथेच नोंदवायला हवे.

वर्ध्यात कहाण्या ऐकण्याचे काम सर्वांत चिवटपणे केले ते आरोग्यवाल्यांनी. सुशीला नायर यांनी १९६९ साली सेवाग्रामला महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू केली. तिथे पहिल्या वर्षाची तुकडी एक गाव दत्तक घेते, पंधरा दिवस त्या गावात मुक्काम करते, प्रत्येक विद्यार्थ्याच्या वाट्याला काही घरे येतात आणि पुढेही त्या घरांशी संबंध ठेवावा लागतो. शहरातून आलेली अठरा वर्षांची मुलगी वही घेऊन ओसरीवर बसते आणि घरातली म्हातारी तिचीच उलटतपासणी घेते. गाव कोणते, बाप काय करतो, एवढ्या लांब माय कशी पाठवते? वहीत उतरते ते फक्त मुलीने विचारलेले. पण ती डॉक्टर झाल्यावर तिच्या लक्षात राहते ती म्हातारी, हे त्या संस्थेतून बाहेर पडलेल्यांशी बोलताना जाणवते.

याच संस्थेतल्या डॉ. उल्हास जाजू यांनी पुढे एक पाऊल टाकले. गावाच्या आरोग्य विम्याची वर्गणी ज्वारीत घ्यायची, ज्याची जमीन जास्त त्याने जास्त द्यायची आणि गावातली बहुसंख्य घरे सामील झाली तरच योजना लागू करायची. हे गावाच्या बैठकीत ठरायचे. कुणाच्या घरी आजारपणात काय विकले गेले, कोणी कोणाकडून काढले, या गोष्टी बैठकीत निघायच्याच, आणि त्यातूनच कुणाला किती झेपेल ते ठरायचे. इथे कहाणी अहवालात गेली नाही, निर्णयात गेली. फरक लहान दिसतो, पण माझ्या मते सगळ्या आढाव्याचे सार याच फरकात आहे.

डॉ. अभय आणि राणी बंग यांचे नाव गडचिरोलीशी जोडले गेले असले तरी त्यांची सुरुवात वर्धा जिल्ह्यातल्या कान्हापूरची. दवाखाना चालवायला गेलेल्या या डॉक्टरांना शेतमजुरांनी जे ऐकवले त्यात औषध कमी आणि मजुरी जास्त होती. रोजगार हमीवरची किमान मजुरी तेव्हा दिवसाला ४ रुपये होती. तिचा आधार होती सरकारच्या पागे समितीची शिफारस. बंगांनी मजुराच्या कष्टाला किती उष्मांक लागतात, घरात खाणारी तोंडे किती, कामाचे दिवस किती, हा हिशेब नव्याने मांडला आणि मजुरी १२ रुपये हवी असे दाखवले. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला सरकारला ती वाढवावी लागली. एका गावातल्या रोजच्या गाऱ्हाण्याचा आकडा झाला आणि तो राज्यभर चालला. गोष्ट आणि आकडा यांत भांडण लावणाऱ्यांनी हे उदाहरण पाहावे. आकडा गोष्टीतून निघालेला असला की तो टिकतो. राणीताईंच्या 'कानोसा' या पुस्तकाची मुळेही ऐकण्याच्या याच सवयीत आहेत.

आता शेतकरी आत्महत्या. इथे थांबावेच लागेल, कारण कहाण्या गोळा करण्याचे सगळे प्रकार, चांगले आणि वाईट, गेल्या वीस वर्षांत वर्ध्याने या एका विषयावर पाहिले.

मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशावरून २००५ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने अहवाल दिला. जानेवारी २००६ मध्ये इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेच्या श्रीजित मिश्रा यांचा अहवाल आला. मिश्रांनी वर्धा, वाशीम आणि यवतमाळ या तीन जिल्ह्यांतल्या १११ पीडित घरांशी बोलून, त्यांच्याच परिसरातल्या पण आत्महत्या न झालेल्या घरांशी ती ताडून पाहिली. कर्ज बहुतेक घरांत सापडले, पण सोबत घसरलेली पत, नापिकी, घरातले वाद, आजारपण, लेकीबहिणींच्या लग्नाचे ओझे असा गुंताही सापडला. एका माणसाच्या मरणाला एक कारण नसते, हे त्या अहवालाचे खरे सांगणे. वर्तमानपत्रांनी आणि पुढाऱ्यांनी त्यातले आपापले एक कारण उचलले.

सरकारने तर कारणांची चौकटच आखली. एक लाख रुपयांची मदत मिळण्यासाठी प्रकरण 'पात्र' ठरावे लागते. मृताच्या नावे किंवा कुटुंबाच्या नावे शेती, राष्ट्रीयीकृत बँक, सहकारी संस्था किंवा परवानाधारक सावकाराचे कर्ज, ते फेडता न येणे आणि वसुलीचा तगादा. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती कागद पाहते आणि शिक्का मारते. यातला प्रत्येक शब्द खेड्यातल्या वास्तवाला कुठेतरी अडखळतो. सातबारा सासऱ्याच्या नावावर असतो. पैसा परवाना नसलेल्या सावकाराचा, कृषी केंद्रवाल्याचा किंवा साळ्याचा असतो. जमीन मक्त्याने केलेली असते आणि मक्ता तोंडी असतो. मग घरचा कर्ता गेलेला असूनही तो शेतकरी नव्हता, असे कागद म्हणतो.

अशा घरी गेलात तर एक दृश्य हमखास दिसते. बाजेवर बसायला सांगून घरातली बाई आत जाते आणि प्लास्टिकची पिशवी घेऊन येते. तुम्ही काही विचारण्याआधीच त्यातून एकेक कागद काढते. मृत्यूचा दाखला, शवविच्छेदनाचा अहवाल, पोलिसांचा पंचनामा, सातबारा, बँकेचे पासबुक, सोसायटीची नोटीस. कागदांच्या घड्या झिजून फाटायला आलेल्या असतात. तलाठ्याला, तहसीलला, पत्रकाराला, संशोधकाला, पुढाऱ्याला हेच आणि याच क्रमाने दाखवून झालेले असते. तिची कहाणीही आता त्या कागदांच्या क्रमाने येते. लग्न कसे जुळले, वावरात पहिल्यांदा कपाशी लावली ते वर्ष, नवरा हसायचा कसा, हे कुणी विचारलेले नसते, म्हणून ती सांगतही नाही. पात्र-अपात्रच्या अर्जाने तिच्या आठवणीचीच मांडणी बदलून टाकलेली असते. कहाण्या गोळा करणाऱ्या प्रत्येकाने आपण ऐकतोय ती बाईची गोष्ट आहे की आधीच्या दहा प्रश्नावल्यांची, हे स्वतःला विचारायला हवे. वैद्यकीय संशोधनात मृत्यूनंतर घरच्यांशी बोलून कारणे शोधण्याची जी पद्धत वापरतात, तिलाही हा धोका चुकलेला नाही.

या गर्दीत एका गावाने कुणाची वाट न पाहता स्वतःची गोष्ट स्वतःच सांगितली. वर्धा जिल्ह्यातल्या डोरली गावाने पाटी लावली की गाव विकणे आहे. माणसे, घरे, ढोरे, वावरे, सगळ्यासकट. कापसाचे भाव पडलेले, कर्ज फिटत नाही आणि कुणी ऐकत नाही, हे सांगायला गावाने प्रबंध लिहिला नाही. तीन शब्दांत अर्थासकट सांगून टाकले. ३० जून २००६ रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग याच जिल्ह्यातल्या वायफडला आले, लोकांशी बोलले, आणि दुसऱ्या दिवशी वर्ध्यासह विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर झाले. वायफडच्या ओसरीवर जे बोलले गेले त्यातले पॅकेजमध्ये किती उतरले, हा वेगळा आणि कडू विषय आहे. पण त्या वर्षात डोरलीच्या पाटीने जेवढे केले तेवढे कित्येक परिसंवादांनी केले नाही, हे माझे मत.

दुसरे उदाहरण रंगभूमीचे. श्याम पेठकर यांनी लिहिलेले आणि वर्ध्याच्या हरीश इथापे यांनी दिग्दर्शित केलेले 'तेरवं' हे नाटक. त्यात काम करणाऱ्या स्त्रिया शेतकरी आत्महत्येनंतर मागे राहिलेल्या. त्यांच्याशी बोलून नाटक लिहिले आणि त्याच मंचावर उभ्या राहिल्या. यातल्याच वैशाली येडे यांच्या हस्ते जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे उद्घाटन झाले. नाटकाबद्दल मनात एक शंका येते, आणि ती बोलायला हवी. आपले दुःख रोज रात्री दिवे लावून पुन्हा जगायचे, हे बाईला बळ देते की पोखरते? मला वाटते फरक तालमीत पडतो. तालमीत ती वाक्य बदलू शकते, हे असे नव्हते म्हणू शकते, दुसरीची गोष्ट ऐकून स्वतःची वेगळी लावू शकते. मुलाखतीत ही सोय नसते. मुलाखत एकदा झाली की झाली.

महिला किसान अधिकार मंचाने, म्हणजे मकामने, २०१८ साली विदर्भ-मराठवाड्यातल्या ११ जिल्ह्यांत अशा ५०५ स्त्रियांशी बोलून पाहणी केली. सुमारे ४० टक्के स्त्रियांच्या नावावर नवरा कसत असलेली जमीन झालेली नव्हती. 'आत्महत्या का झाली' हा प्रश्न पंधरा वर्षे विचारून झाला होता. मागे राहिलेली बाई कशी जगते, जमीन कुणाच्या नावावर आहे, पेन्शनचे काय, हे या स्त्रियांच्या संघटनेने विचारले. विचारणारा बदलला की उत्तरेच काय, प्रश्नही बदलतो. जून २०१९ मध्ये राज्य सरकारने या स्त्रियांसाठी जो शासन निर्णय काढला त्यामागे हा रेटा होता.

जगात इतरत्र काय चालले आहे, यावर थोडे. अमेरिकेत २००३ साली 'स्टोरीकोर' नावाचा उपक्रम सुरू झाला. दोन ओळखीची माणसे एकमेकांची मुलाखत घेतात, एक प्रत त्यांना मिळते आणि संमती असल्यास दुसरी अमेरिकी काँग्रेसच्या ग्रंथालयात जाते. केनिया आणि युगांडात 'ग्लोबलगिव्हिंग'ने हजारो छोट्या गोष्टी गोळा केल्या आणि प्रत्येक गोष्टीचा रोख काय, हे सांगणाऱ्यालाच विचारले. सिंथिया कुर्ट्झ या अमेरिकी अभ्यासिकेचा सगळा आग्रह असा की तज्ज्ञाने गोष्टींचे विश्लेषण करू नये, सांगणाऱ्यांनीच एकत्र बसून त्या मांडाव्यात, लावाव्यात, वाद घालावेत. आपल्या जवळचे उदाहरण याहून पक्के आहे. झारखंड-ओडिशात 'एकजूट' संस्थेने गावोगाव बायकांचे गट बसवले. बाळ का दगावले याच्या गोष्टी चित्रांच्या पत्त्यांवरून सांगायच्या, कुठे काय करता आले असते ते गटाने ठरवायचे, मग गावसभेत मांडायचे. २०१० साली 'लॅन्सेट'मध्ये त्याचे निष्कर्ष आले. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात या गावांतले नवजात बालमृत्यू इतर गावांच्या तुलनेत ४५ टक्क्यांनी कमी होते. गोष्टीवर बायकांनी स्वतः बसून विचार केला, याचा हा मोजलेला परिणाम. गोष्टी म्हणजे भावनिक मसाला, असे मानणाऱ्या अधिकाऱ्यांना हा आकडा दाखवावा.

म्हणून सगळे गावाच्या बैठकीवर सोपवावे काय? इथे मी सावध होतो. गाव म्हणजे एक तोंड नव्हे. ग्रामसभेत कोण बोलते आणि कोण भिंतीला टेकून बसते हे ज्याने पाहिले आहे त्याला हे सांगावे लागत नाही. बचत गटात बोलणारी बाई सरपंचाच्या समोर पदर सावरून गप्प बसते. सत्तरच्या दशकापासून दारूबंदी असलेल्या या जिल्ह्यात दारूच्या गोष्टी पुरुषांसमोर कोण सांगणार? पारध्यांचे पाहा. १८७१च्या कायद्याने ज्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का बसला आणि १९५२ साली जो कायद्यातून पुसला गेला, त्यांच्या पिढ्यांचे जगणे सर्वांत तपशिलात लिहिले कुणी? पोलीस ठाण्यांनी. शेजारच्या गावाला पारधी बेड्याचा, म्हणजे वस्तीचा, 'अर्थ' लावायला सांगितले तर काय निघेल हे सांगायला नको. म्हणून ज्यांची गोष्ट त्यांचा आधी वेगळा कोपरा हवा. बायकांचा वेगळा, बेड्याचा वेगळा, मजुरांचा वेगळा. गावाची बैठक त्यानंतर.

दुसरा आक्षेप, आठवण खोटी असते. असते. माणूस विसरतो, सजवतो, लाजेपोटी लपवतो. जात्यावरच्या ओव्या गोळा करणाऱ्या हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी महाराष्ट्रभरातून लाखाच्या वर ओव्या जमवल्या. त्यात बाईने सासरचा छळ नाव न घेता सांगितलेला आहे. त्या ओव्या न्यायालयात पुरावा म्हणून चालणार नाहीत, पण सासर कसे होते हे कळायला त्यांच्याहून भरवशाचा कागद नाही. चंपारणची उलटतपासणी तिथल्या कामाला योग्य होती, कारण समोर निळीचे मळेवाले आणि सरकार होते. प्रत्येक आठवणीला तो गज लावला तर अर्धे आयुष्य फेकून द्यावे लागेल. कुठली गोष्ट कशासाठी घेतो आहोत ते आधी ठरवावे, आणि सांगणाऱ्यालाही ते आधी सांगावे. बहुतेक पाहण्यांत नेमके हेच सांगितले जात नाही. मदत मिळेल या आशेने बाई बोलते, आणि विद्यार्थ्याला पदवी मिळते.

नावांचेही तसेच. मोठ्या पुस्तकात, वृत्तपत्रात बाईचा फोटो, गाव, नवऱ्याचे नाव, कर्जाचा आकडा सगळे येते आणि त्याच गावात तिला पुढची चाळीस वर्षे काढायची असतात. मुलीचे स्थळ बघायला आलेले लोकही ते वाचतात. संमती म्हणजे कागदावरचा अंगठा, एवढ्यावर हे भागत नाही. छापण्याआधी तिला वाचून दाखवणे, आणि ती नको म्हणाली तर ते पान काढणे, एवढा साधा शिष्टाचार पाळला गेला तरी पुष्कळ.

आणि एक काम शिल्लक आहे, तेही घाईचे. मुंबईच्या गिरणी कामगारांच्या आठवणी नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गोळा केल्या, त्या 'कथा मुंबईच्या गिरणगावची' या नावाने मराठीतही आल्या. हिंगणघाटला आणि पुलगावला एकोणिसाव्या शतकात गिरण्या निघाल्या होत्या. जिथला कापूस तिथेच सूत, असे जे स्वप्न आजही भाषणांत येते, ते या दोन गावांनी प्रत्यक्ष जगून पाहिले. त्या गिरण्यांत साचे चालवलेली, पाळ्या केलेली, संप केलेली आणि गिरणी बंद पडल्यावर पानठेला टाकलेली माणसे आता सत्तरी-ऐंशीत आहेत. अप्पर वर्धा धरणात ज्यांची गावे गेली त्या आष्टी तालुक्यातल्या माणसांचेही वय तेच. वर्ध्यात हिंदी विश्वविद्यालय आहे, महाविद्यालये आहेत, प्रत्येक विद्यार्थ्याच्या खिशात आवाज मुद्रित करणारा फोन आहे. मराठी, इतिहास आणि समाजकार्याच्या प्राध्यापकांनी येत्या वर्षाचे प्रकल्प यावर द्यावेत. मुद्रणाची पहिली प्रत सांगणाऱ्याच्या घरी द्यावी, दुसरी त्या गावच्या वाचनालयात ठेवावी, आणि प्रबंध लिहायला बसण्याआधी एक संध्याकाळ त्या माणसांना एकत्र बसवून एकमेकांचे ऐकू द्यावे. ते काय म्हणतात ते लिहून घ्यावे आणि त्यांच्या नावानेच छापावे.